पालथ्या वीराची घागर

तुम्ही पायऱ्या चढून वर आलात, तेव्हा मी तांब्यातले पाणी आधी स्वतःच्या ओंजळीत ओतून प्यालो आणि मगच तांब्या तुमच्या हाती दिला. तुमच्यातल्या एकाने दुसऱ्याकडे पाहिले, ते मला दिसले. दोन तास उन्हात चढून आलेल्या माणसाला पाणी द्यायचे सोडून म्हातारा आपणच आधी पितो, असे वाटले असेल. त्यात तुमची चूक नाही. पण घोणसगडावर आणि खाली घोणसवाडीत पाणी असेच देतात. देणाऱ्याने आधी प्यायचे, मग घेणाऱ्याने. नवी सून सासऱ्याला पाणी देते तीसुद्धा आधी आपल्या ओंजळीत घेते. बाहेरगावची मुलगी असली तर पहिल्या दिवशी लाजते, मग तिलाही सवय होते.

आता इकडे दरवाजाच्या आत डाव्या हाताला पाहा. सात दगड उभे आहेत, त्यांवर ढाल-तलवार घेतलेली माणसे कोरली आहेत. याला वीरगळ म्हणतात. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने असा दगड उभा करतात. सातव्याच्या पुढे जमिनीत बसलेला तो आठवा दगड. तो पालथा आहे. जपून या, त्याच्यावर पाय पडू देऊ नका. आम्ही त्याला पालथा वीर म्हणतो. त्याच्या पलीकडे जे नवे तीन दगड आहेत, त्यांतले दोन आमच्या गावच्या फौजेतल्या पोरांचे. आणि शेवटचा, ज्याचा चुना अजून पांढरा आहे, तो आपल्या दिगंबरचा.

तुम्ही सहा जण त्याच्याबरोबर बंबावर काम करत होता, त्याच्यासाठी इतक्या लांबून आलात, हे बरे केले. तो माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. गोदामाच्या आगीतून एकदा बाहेर आला होता, मग परत आत का गेला, अशी चौकशी चालू आहे म्हणे. पेपरात काय काय आले तेही कोणीतरी मला वाचून दाखवले. त्याबद्दल मी तुम्हाला काही विचारणार नाही. उद्या आखिती, म्हणजे तुमची अक्षय्यतृतीया. गावोगाव उद्या पितरांच्या नावाने पाण्याची घागर देतात. आमच्याकडे तिच्या आदल्या दिवशी, म्हणजे आज, पहिली घागर या पालथ्या वीराला जाते. घागर खालून यायला अजून वेळ आहे. तोवर सावलीत बसा. माझ्या आज्याने मला जे सांगितले ते सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो, सन-तारीख मला विचारू नका.

त्या काळी या गडावर शंभर-सव्वाशे माणसांची शिबंदी होती असे सांगतात. गडाचा कारभार मानकोजी नावाच्या हवालदाराकडे होता. माणूस शूर होता, हे त्याच्या वैऱ्यांनीही कधी नाकारले नाही. पण डोळ्याला डोळा लागत नसे त्याच्या. एकदा त्याचा सख्खा मेहुणा गनिमाला फितूर झाला होता आणि दुसरा एक गड त्यापायी हातचा गेला होता. तेव्हापासून तो शिजलेल्या भातातही खडा शोधायचा.

एका साली चैत्रात गनिमाची फौज खाली येऊन बसली. वेढा पडला. गडावर दोन टाकी होती, त्यांतले एक फुटलेले आणि दुसरे गुडघाभर. तेव्हा सगळ्या गडाचा जीव एका माणसावर आला. धुळोजी पखालजी. पखालजी म्हणजे कातड्याच्या पिशवीतून पाणी वाहणारा. गडाच्या मागच्या अंगाला एक चोरदिंडी आहे, माणूस वाकून जाईल एवढी. तिथून कारवीच्या रानातून एक नळी, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, खाली उतरते आणि अर्ध्या कड्यावर एका झऱ्यापाशी पोचते. तो झरा आजही आहे. धुळोजी रिकामी पखाल घेऊन त्या नळीने उतरायचा आणि भरलेली पाठीवर घेऊन वर यायचा. दिवसाला दहा-अकरा खेपा.

खाली गनीम, आणि हा रोज बाहेर जातो आणि रोज माघारी येतो. पहिले चार दिवस लोकांनी त्याचे कौतुक केले. पाचव्या दिवशी हवालदाराने त्याला दिंडीतच अडवले.

"धुळ्या, तुला त्यांनी एकदाबी कसं बघितलं न्हाई?"

"बघितलं असंल की, हवालदार," धुळोजी म्हणाला. "पण पखाल पाठीवर घेऊन सरपटतोय म्हटल्यावर त्यास्नी घोरपड वाटत असंल."

पहाऱ्यावरची माणसे हसली. हवालदार हसला नाही. त्या दिवसापासून धुळोजी दिंडीबाहेर पडला की एक माणूस तटावरून त्याच्यावर नजर ठेवू लागला. कारवी दाट, त्यात तो मध्येच दिसेनासा व्हायचा. तटावरचा माणूस येऊन सांगायचा, इतका वेळ दिसला नाही. आणि जेवढा वेळ तो दिसला नाही, तेवढ्या वेळात त्याने काय काय केले असेल, हे ज्याचा त्याने मनात ठरवून टाकायचे. पाणी पिता पिता ठरवायचे. धुळोजीनेच आणलेले पाणी.

त्याची बायको ठकू. तिच्या कानावर हे आले तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "उद्यापासून जाऊ नगंस. मरू दे त्यांना तहानेनं." धुळोजी म्हणाला, "अगं, तहान लागलेला माणूस असंच बोलतो. पाणी प्याला की निवतो." तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

आखितीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, गनिमाने मोठ्या दरवाजावर हल्ला केला. शिंगे वाजली, आणि होता नव्हता तेवढा माणूस दरवाजाकडे धावला. बायकासुद्धा दगड वाहायला गेल्या. मागचे अंग ओस पडले. आणि मागच्या अंगालाच दारूकोठार होते. ते तिकडे, चार भिंती दिसतात ना, तेच. भिंती दगडाच्या पण छप्पर गवताचे. शेजारी वैरणीची गंजी. आत तोफेच्या दारूचे नऊ डेरे, तोंडाला फडकी बांधलेले. कोठारापासून पन्नास पावलांच्या आत दिवा आणायचा नाही, चिलीम आणायची नाही आणि पाणीही आणायचे नाही, असा सक्त हुकूम होता. दिवा आला तर दारू उडेल आणि पाणी आले तर नासेल.

पुढे काय झाले ते कोणीच पाहिले नाही. सगळी गोष्ट इथेच अडली.

हल्ला ओसरल्यावर लोकांना मागे धूर दिसला. धावत गेले तर गंजीची राख झालेली, कोठाराचे छप्पर आत कोसळलेले, दारातून काळे पाणी वाहत बाहेर आलेले. आणि आत धुळोजी, डेऱ्यांवर पालथा पडलेला, मेलेला. पखाल चाकूने उभी फाडलेली, त्याच्याच अंगाखाली.

हवालदार दारातच उभा राहिला. त्याने ते काळे पाणी पाहिले. पन्नास पावलांच्या आत पाणी आणायचा हुकूम नव्हता. तो म्हणाला, "दारू भिजवायला आला हुता. आग बी त्यानंच लावली. पळायच्या आत छप्पर बसलं." एवढेच बोलला. पण महिनाभर प्रत्येकाच्या मनात जे साठले होते तेच तो बोलला, त्यामुळे कोणी विचारले नाही की दारू भिजवायची असेल तर आग कशाला लावायची, आणि उडवायची असेल तर पाणी कशाला आणायचे. संशय आला की माणूस दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या मानतो.

प्रेत आकड्यांनी पाय ओढून बाहेर काढले. हसन नावाचा गोलंदाज होता, तोफ तोच चालवायचा. तो म्हणाला, "हवालदारसाहेब, एकदा आत जाऊन बघू द्या. एखादा डेरा तरी कोरडा निघंल."

"आणि त्यात त्यानं काय कालवलं असंल, तुला ठावं हाय? तोफेच्या तोंडातच फुटली म्हंजे?"

फुटलेल्या तोफेने काय होते ते हसनने एकदा पाहिले होते. तो दारापासून मागे सरला. हवालदाराने दाराला कडी घातली, वर आपली मोहर लावली, कोणी वरून आत उतरू नये म्हणून भिंतींवर बाहेरूनच नवे छप्पर घालून घेतले, आणि सांगितले की हे दार उघडेल तो फितूर.

ठकूने नवऱ्याला अंघोळ घातली. मेलेल्या माणसाला अंघोळ घालणाऱ्याला पुष्कळ कळते. पाठीचा कोळसा झाला होता. छाती मात्र जशीच्या तशी. आणि छातीवर तीन गोल वळ उमटलेले, डेऱ्याच्या गळ्याएवढे. ती तशीच ओल्या हातांनी हवालदाराकडे गेली. म्हणाली, "येऊन वळ बघा. आणि त्यानं पखाल फाडली. पखालजी जीव देईल, पखाल फाडणार न्हाई. कशापायी फाडली तेवढं इचारा. दार उघडून बघा."

हवालदार म्हणाला, "फितुराच्या अंगावरचं वाचायला मला येत न्हाई."

"मग दुखणं हाल्याला आन् डाग पखालीला," ती म्हणाली आणि निघाली. दुखणे रेड्याला झाले आणि डाग त्याच्या पाठीवरच्या पखालीला दिला, अशी म्हण आहे आमच्याकडे. तुमच्याकडेही असेल.

धुळोजीला अग्नी दिला तो ठकूने एकटीने. खांदा द्यायला माणूस मिळेना, तेव्हा गोमाजी पाथरवट, म्हणजे दगड घडवणारा, तो आला असे सांगतात.

मग प्रश्न पाण्याचा. दोन दिवसांत टाक्यात चिखल राहिला. नळीची वाट धुळोजीखेरीज एकाच माणसाला ठाऊक होती, ती त्याच्या बायकोला. तिसऱ्या दिवशी ठकूने घरातली दुसरी, ठिगळाची पखाल पाठीवर घातली आणि दिंडीतून बाहेर पडली. कोणी तिला सांगितले नव्हते. आज्याला मी लहानपणी विचारले होते की ती का गेली, ज्यांनी तिच्या नवऱ्याला फितूर म्हटले त्यांना पाणी का पाजले. आज्या म्हणाला, पखालजीच्या घरची ती, दुसरे काय करणार?

ती भरलेली पखाल घेऊन वर आली तेव्हा लोक भांडी घेऊन उभे होते. पण पुढे कोणी येईना. फितुराची बायको. खाली गनिमाला भेटून आली असेल. पाण्यात काही घातले असेल. शेवटी हवालदार म्हणाला, "आधी तू पी."

ठकूने पखालीचे तोंड सोडून ओंजळीत पाणी घेतले आणि प्याली. मग लोकांनी भांडी पुढे केली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. आधी तू पी. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा प्याली. संध्याकाळी पोट दुखून घराच्या उंबऱ्यावर बसली होती, तेव्हा चिमाबाई तिथून गेली. चिमाबाई म्हातारी, तिचा एकुलता मुलगा दरवाजावर पहाऱ्याला होता. ती म्हणाली, "का गं ठके, पचंना का?"

"पचतंय की," ठकू म्हणाली. "तुमच्या संशयापायी मला तहान म्हणून ऱ्हायली न्हाई बघा."

त्यानंतर गनिमाने दोनदा हल्ला केला. दारू नाही म्हणून तोफ मुकी होती. गोफणी चालवल्या, धोंडे लोटले, दरवाजा राखला. पण त्यात सात माणसे पडली. ती ही सात. चिमाबाईचा मुलगा त्यांत होता, सूर्याजी, हा डावीकडून तिसरा. मग मृगाचा पाऊस लागला आणि गनीम वेढा उठवून गेला.

पावसाळ्यानंतर गोमाजीने सात दगड घडवले. ठकू त्याच्याकडे गेली आणि आठवा मागितला. गोमाजी म्हणाला, "दगड मी घडवीन, बाई. मान देणं माझ्या हातात न्हाई." त्याने घडवला. पण दगड इथे आणून उभा करताच लोक चवताळले. चिमाबाई सगळ्यांच्या पुढे. "ह्यानं दारू भिजवली म्हणून माझा सूर्या गेला, आन् ह्याला त्याच्या शेजारी उभा करता?" हवालदाराने हुकूम दिला, दगड पालथा घाला आणि वाटेत बसवा, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय त्याच्यावर पडू दे. तसा बसवला. तुम्ही बघा, पाठ कशी गुळगुळीत झाली आहे. तो सहा-सात महिन्यांच्या पायांचा गुळगुळीतपणा आहे असे म्हणतात. मला ते खरे वाटत नाही, तेवढ्यात दगड एवढा झिजत नाही. पण झिजला आहे खरा.

ठकू त्या दगडाला वळसा घालून जायची.

वर्ष फिरले, पुन्हा आखिती जवळ आली. आता हे नीट ऐका. आखितीला मेलेल्याच्या नावाने भरलेली घागर दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते, आणि त्याने ते पाणी प्यावे लागते. तो प्याला की पितर प्याले. कोणी घेतलीच नाही, तर मेलेला माणूस तहानलेला राहतो. सगळ्या गडाला पाणी पाजणारा माणूस, आणि त्याच्या वाट्याला तहान. ठकू आठ दिवस आधीपासून घरोघर फिरली. "माझी घागर घ्याल का?" कोणी म्हणाले, आमच्याकडे सुतक आहे. कोणी दारच उघडले नाही. चिमाबाईने दार उघडले आणि म्हणाली, "माझ्या लेकाची घागर मी देऊ का तुझ्या नवऱ्याची पिऊ?"

तेव्हा ठकूने ती घागर उचलली आणि मोहर लावलेल्या कोठाराच्या दारासमोर नेऊन ठेवली. शेजारी बसली. म्हणाली, "एक तर कुणीतरी ही घागर प्या, न्हाईतर हे दार उघडा. दोन्हीतलं एक हुईस्तवर मी उठायची न्हाई."

तीन दिवस बसली. अन्न नाही, आणि पाणी समोर असून प्याली नाही. वैशाखाचे ऊन तुम्ही आज सोसलेच आहे. सांगतात की त्या उन्हात तीन दिवस उघड्यावर राहून घागरीतले पाणी बोटभरही उतरले नाही. देवाची करणी म्हणतात. माझा आज्या म्हणायचा, लोक जेवायला गेले की कोणीतरी येऊन गुपचूप भरून जात असेल, गोमाजी असेल किंवा हसन असेल. कोण ते गावाने कधी शोधून काढले नाही. काही गोष्टी नाही शोधल्या तरी चालते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे आजच्या दिवशी, सगळा गड कोठारापुढे जमला. हवालदार आला. म्हणाला, "ऊठ ठके. नाटकं पुरे."

ठकू घागरीपाशी तशीच बसून राहिली. तिचे ओठ फुटले होते.

बोलली ती चिमाबाई. गर्दीतून पुढे आली, हातात एक धोंडा. म्हणाली, "उघड रे मानकोजी. आत ओली दारू असंल, तर हा धोंडा मी हिच्या घागरीवर घालते, म्हंजे हिचं तोंड कायमचं बंद हुईल. आन् कोरडी असंल..."

"उघडंल तो फितूर, असा माझा हुकूम हाय."

"मग मला फितूर म्हण. माझा एक गेलाय, मला आता कोण काय करणार?"

आणि हवालदाराने आपल्या हाताने मोहर फोडली. आज्या म्हणायचा, तो चिमाबाईला भ्यायला नव्हता. वर्षभर त्याच्याही मनात हे दार घर करून बसले होते. संशय घेणारा माणूस शेवटी स्वतःच्या संशयाचाही संशय घेतोच.

आत राख, जळके वासे. एका वाशात गनिमाच्या बाणाची लोखंडी नळी घुसलेली. बाण म्हणजे दारू भरून पेटवून सोडायची नळी, मागे बांबू बांधलेली. आग कोणी लावली ते तिथेच कळले. दाराजवळचे चार डेरे भिजलेले, आतली दारू दगडासारखी झालेली. कोपऱ्यात पाच डेरे एकमेकांना लागून ठेवलेले, आणि त्यांच्यावर फाडून पसरलेली पखाल, वाळून कडक झालेली. जशी त्याने टाकली होती तशीच. प्रेत ओढून काढताना तिला कोणी हात लावला नव्हता.

हसनने पखाल उचलली. खाली फडकी शाबूत. एक फडके सोडून त्याने हात आत घातला आणि मूठ बाहेर काढली. दारू बोटांतून भुरभुर खाली पडली. कोरडी.

तेव्हा सगळ्यांना दिसले, म्हणे. जे वर्षापूर्वी कोणी पाहिले नव्हते ते. धुळोजी भरली पखाल घेऊन दिंडीतून आत आला असेल. गंजी पेटलेली, माणूस कोणी नाही. ओरडला असेल, तर दरवाजावरच्या गलक्यात कोणाला ऐकू जाणार? दाराजवळच्या चार डेऱ्यांवर पाणी ओतले, पाणी संपले. पाच उरले आणि छप्पर पेटलेले. मग पखाल फाडली, ओले कातडे पाचांवर पसरले. ठिणगी बाजूने शिरू नये म्हणून त्याच्यावर आपण पालथा पडला, आणि उठला नाही. कोठार उडाले असते तर आज हा तट राहिला नसता, दरवाजा राहिला नसता, तुम्ही ज्या पायऱ्यांनी आलात त्या राहिल्या नसत्या.

पण चिमाबाईला दुसरेच दिसले. ती त्या कोरड्या दारूकडे बघत राहिली. पाच डेरे. ही दारू असताना तोफ मुकी राहिली. तिचा मुलगा धुळोजीने मारला नव्हता. या बंद दाराने मारला होता, आणि ते दार बंद राहावे असे तिनेही वर्षभर म्हटले होते.

तिने हातातला धोंडा खाली ठेवला. घागरीपाशी गेली, खाली बसली आणि ओंजळ पुढे केली. "ओत गं बाई," म्हणाली.

ठकूने घागर कलती केली. ओतता ओतता सवयीने तिची स्वतःची ओंजळ आधी पुढे आली. आधी तू पी. वर्षभराची सवय. तेव्हा हवालदाराने पुढे होऊन तिचा हात धरला. "नको," म्हणाला, "आता तू आधी नको." आणि चिमाबाईच्या मागे आपण ओंजळ धरून उभा राहिला. मग हसन, मग गोमाजी, मग सगळा गड. एका घागरीत सगळ्यांना पुरले, असे सांगतात.

संध्याकाळच्या आत माणसे पहारी घेऊन इथे आली, दगड उभा करायला. ठकूने त्यांना थांबवले. म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच. तुम्ही अपमान म्हणून पालथा घातला. पण तो तसाच पडला हुता. माझ्या धन्याची खरी मूर्त तुमच्या हातून चुकून झाली. आता ती हलवू नगा."

म्हणून तो आजवर पालथा आहे. वाट तेवढी बाजूने वळवली, ती तुम्ही पाहिलीत. हवालदाराने सांगून ठेवले की मी मेल्यावर माझ्या नावाने दगड नको, आणि नाही केला. आणि गडाने दोन नेम केले. पाणी देणाऱ्याने आधी आपण प्यायचे, म्हणजे आधी तू पी असे म्हणायची वेळ कोणावर येऊ नये. आणि कोणावर आळ घ्यायचा तर आधी कोठार उघडायचे. गावात आजही भांडण लागले, कोणी कोणाला चोर म्हटले, की एखादी म्हातारी हटकून म्हणते, "आधी कोठार उघड रे बाबा."

हा तुमच्यातला सर्वांत तरुण साहेब मघापासून दगडाकडे बघतो आहे. विचारा, विचारा. सगळे विचारतात. दगड पालथा आहे, मग खाली गोमाजीने काय कोरले ते कोणी पाहिले आहे का? नाही. ज्यांनी पाहिले ते दोनशे वर्षांपूर्वी गेले. काही जण म्हणतात, पखाल घेतलेला माणूस आहे. काही जण म्हणतात, हवालदाराच्या भीतीने गोमाजीने काहीच कोरले नव्हते, कोरा दगड आहे. मागे शहरातून एक अभ्यासक आले होते. म्हणाले, बाबा, तुमचे गाव आधी उघडून बघा म्हणते ना, मग हा दगड उचलून बघायला काय हरकत आहे? मी हळू बोलणारा माणूस. उत्तर ते गड उतरून गेल्यावर सुचले. उघडून बघायचे ते दोष देण्याआधी. हात जोडण्याआधी नाही.

दिगंबरचेही तसेच आहे. तो परत आत का गेला, ते मला ठाऊक नाही. तुम्ही बाहेर होता, तुम्हालाही दिसले नाही. चौकशी चालू आहे म्हणता, चालू दे. ज्याला त्याच्यावर आळ घ्यायचा आहे त्याने आधी सगळे उघडून पाहावे, नीट, राखेपर्यंत. पण त्याच्या आईने मला विचारले, दादा, चौकशीचा निकाल लागेपर्यंत दगड थांबवायचा का? मी म्हणालो, निकाल त्यांचा त्यांना लागू दे. एक वर्ष एका माणसाला आपण तहानलेला ठेवला होता. दुसऱ्यांदा नाही.

ती बघा, घागर आली. पुढे आहे ती दिगंबरची आई. आजही ही घागर गावातली बाई झऱ्यावरून भरून त्याच नळीने वर आणते, पायात काही न घालता. आधी पालथ्या वीराच्या पाठीवर ओतते, मग सातांवर, मग या तिघांवर. उरलेले पाणी आलेल्या सगळ्यांनी प्यायचे असते. तुमच्यासारखे बाहेरून आलेले असले तर तांब्या त्यांच्या हाती देतात, त्यांनी आम्हाला पाजायचे. या, पुढे या. त्या वयस्क साहेबांना द्या तांब्या. सगळ्यात आधी त्याच्या आईला द्या, ती सकाळपासून...

थांबा. तुम्ही आधी आपल्या ओंजळीत घेतलेत.

मी सांगितले नव्हते हो तुम्हाला, तुम्हीही असेच करा म्हणून. प्या. आता तिला द्या.